युती, आघाडी आणि पळसगावचा नाईक

मराठीत ‘आघाडी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, नेते हातात हात घालून फोटो काढतात ती. आणि दुसरी, जिथे गोळ्या चालतात ती. पहिली करणारे लोक सहसा दुसरीवर नसतात. महाराष्ट्रात राहणाऱ्याला यापेक्षा जास्त समजावून सांगायला नको!

हल्ली कुठेही चार जण जमले की तिसऱ्या महायुद्धाच्या गप्पा निघतात. हा देश त्याच्या बाजूने, तो ह्याच्या विरुद्ध... अगदी आयपीएलचा लिलाव चालल्यासारखं. मीही त्यात हिरीरीने बोलतो. पण मागच्या दोन महायुद्धांबद्दल वाचायला घेतलं आणि डोकं जरा भंजाळलं.

पहिल्याची सुरुवात तर आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. एक मोड्यूल कोसळलं, त्यावर अवलंबून असलेलं दुसरं, मग तिसरं. २८ जून १९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाशी युद्ध पुकारलं. सर्बियासाठी रशिया उठला, ऑस्ट्रियासाठी जर्मनी, रशियाशी करार म्हणून फ्रान्स, आणि जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या म्हणून ४ ऑगस्टला ब्रिटन. ब्रिटन आलं म्हणजे आपण आलोच, आपल्याला विचारतंय कोण. पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात जवळजवळ पाच महिने उपाशी राहून तिने २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली. त्यात मराठा पलटणी होत्या. सारायेव्हो कुठे आणि आपला सह्याद्री कुठे!

दुसऱ्या वेळी तर ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीरच करून टाकलं. निवडून आलेल्या एकाही माणसाला विचारलं नाही. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. तरीही पुढे सुमारे २५ लाखांची फौज उभी राहिली, तीही सक्तीच्या भरतीशिवाय.

आमचं गाव जोहे, पेण तालुक्यातलं. जोहे-हमरापूर म्हटलं की तुम्हाला गणपतीचे कारखाने आठवतील, महायुद्ध नाही. पण माझी आजी रेशनच्या दुकानाला शेवटपर्यंत ‘कंट्रोल’ म्हणायची. “कंट्रोलची साखर आली का बघ रे.” तो शब्द युद्धाच्या काळातला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं, आणि युद्ध संपलं तरी शब्द आमच्या स्वयंपाकघरात राहिला तो राहिलाच.

आता खरी गंमत (म्हणजे गंमत नाहीच म्हणा). त्या युद्धात आपला जिल्हा नक्की कोणत्या बाजूला होता?

माथेरानचे भाई कोतवाल. पेशाने वकील. १९४२ च्या चळवळीत भूमिगत होऊन त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि विजेचे मनोरे पाडून इंग्रजांच्या युद्धाच्या यंत्रणेचाच वीजपुरवठा तोडायला घेतला. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील मारले गेले. कोतवाल तीस वर्षांचे होते.

आणि माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. हे एकटे पुढे धावले, ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वय २२. म्हणजे आपल्याकडचा फ्रेशर! पहिल्या प्रोजेक्टवर टाकतात ते वय.

एक इंग्रजांविरुद्ध लढताना गेला, दुसरा इंग्रजांच्या फौजेतून लढताना. मध्ये साधारण दीड वर्षाचं अंतर. दोघांपैकी एकाला बरोबर ठरवायचं तर दुसरा चूक ठरवावा लागतो, आणि ते मला काही जमत नाही. फरक एवढाच दिसतो की कोतवालांनी आपली बाजू स्वतः निवडली होती. घाडगे ज्या युद्धात लढले ते एका माणसाने परस्पर जाहीर केलेलं होतं. पण त्या क्षणी पुढे धावायचं, हे मात्र त्यांचं त्यांनीच ठरवलं. ते कुठल्याही तहात लिहिलेलं नव्हतं.

आणि बाजूंचं तरी काय घेऊन बसलात? १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनला मराठा पलटणी इटालियन फौजेशी लढत होत्या. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्तांपुढे शस्त्रं ठेवली आणि ऑक्टोबरात जर्मनीविरुद्धच युद्ध पुकारलं! तिकडे स्टालिन आणि हिटलर १९३९ मध्ये करार करून मोकळे झाले होते, १९४१ मध्ये एकमेकांचे गळे धरायला. युत्या तुटतात, नव्या होतात, नेते पुन्हा हसून फोटो काढतात. गेलेला माणूस तेवढा बाजू बदलून परत येत नाही.

पेणहून हायवेने खाली गेलात, नागोठणे-कोलाड मागे टाकलंत की माणगाव लागतं. तिथे घाडग्यांचा पुतळा आहे. बहुतेक जण समोरून थेट गोव्याला जातात. जमलं तर दहा मिनिटं थांबा. आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने एक स्मारक उभारलं. तोफ नाही, रणगाडा नाही, चक्क सूर्यघड्याळ! त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी जगाच्या टीम पाडायला लागलं, तर मी एवढंच विचारणार आहे : पळसगावातून कोणाला पाठवायचं?