एकच केसपेपर

कावेरीकाठची आई मुलाला दाखवायला येते तेव्हा तिच्या कडेवर मूल असतं आणि हातात पिवळी कापडी पिशवी. लग्नघरी पाहुण्यांना नारळ-तांबूल घालून देतात ती, वर वधूवरांची नावं आणि मंगल कार्यालयाचा पत्ता छापलेली. इकडे तिला मंजप्पै म्हणतात. बाजारहाट तिच्यातच, रेशनकार्ड तिच्यातच आणि मुलाचे दवाखान्याचे कागदही तिच्यातच.

अशी एक पिशवी एकदा मी माझ्या टेबलावर रिकामी केली. मूल तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, आता नऊ महिन्यांचं. एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड, डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी, कानाच्या तपासणीचा कागद, डोक्याच्या सोनोग्राफीची फिल्म आणि फिजिओथेरपिस्टने पेनाने काढून दिलेली व्यायामाची चित्रं. एकेक कागद घेतला तर कुठेच चूक नव्हती. कानाच्या कागदावर ‘तपासणी पुन्हा करावी’ असा शेरा होता, तो इंग्रजीत होता आणि पुन्हा तपासणी झालेली नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे तो कागद आलाच नव्हता, कारण तो कानाचा. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंना मूल हाकेला वळत नाही हे दिसलं होतं, पण मान नीट धरत नाही म्हणून वळत नसेल असं त्यांना वाटलं. पाच जाणकार माणसांनी त्या बाळाला पाहिलं होतं आणि पाचही जणांचं म्हणणं एकमेकांपर्यंत पोचवायचं काम एका शेतमजूर बाईवर पडलं होतं. तिला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं.

मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर तंजावरची झाले. बालरोगतज्ज्ञ आहे आणि माझा विषय मुलांचा विकास. या विषयात वेळेला फार किंमत आहे. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो. बॅटरीच्या उजेडात तो दोष दिसत नाही. वेळेवर लेझर झालं तर बहुतेकदा दृष्टी वाचते आणि ती वेळ चुकली तर अंधत्व कायमचं येतं. ऐकण्याचंही तसंच: पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र कानाला लागलेलं. सहा महिन्यांनंतर काहीच होत नाही असं नाही, पण मेंदू ज्या काळात आवाज ओळखायला शिकतो तो काळ निघून जात असतो. आपल्याकडे ही मुलं हुकतात ती डॉक्टर नाहीत म्हणून कमी आणि डॉक्टरांमध्ये बोलणं नाही म्हणून जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून आम्ही काही जणांनी ठरवलं की आठवड्यातून एकदा अर्धा दिवस सगळ्यांनी एका खोलीत बसायचं. मी, एक नेत्रतज्ज्ञ, एक अस्थिरोगतज्ज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षिका आणि एक सिद्धवैद्य, म्हणजे इकडच्या सिद्ध पद्धतीचे वैद्य. जागा तालुक्याच्या गावातल्या जुन्या भातगिरणीच्या कचेरीची. जमिनीवर चटया, कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीला आरसा. फीसाठी पेटी ठेवली आहे, ज्याला जमेल त्याने टाकावं.

हे काही आम्ही नव्याने शोधलेलं नाही. याच मातीत ते दोनशे वर्षांपूर्वी करून झालंय, आणि करणारा माणूस मराठी बोलणारा होता.

दुसरे सरफोजी राजे तंजावरच्या गादीवर आले 1798 मध्ये. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या हाती उरलं ते मुख्यतः तंजावरचा किल्ला आणि नेमणुकीचा पैसा. अशा वेळी त्यांनी कशासाठी धडपड केली? छत्रांसाठी. रामेश्वरच्या वाटेवरच्या या धर्मशाळांना इकडे छत्रम म्हणतात. बहुतेकांना भोसले घराण्याशी जोडलेल्या स्त्रियांची नावं आहेत: नीडामंगलमचं यमुनांबाळ छत्र, ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र. 1801 साली सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांमध्ये काय काय चालतं ते तपशीलवार सांगितलं. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या जातींपर्यंत प्रत्येक वाटसरूला अन्न. आजारी पडेल त्याला वैद्य, औषध आणि पथ्याचं जेवण, बरा होईपर्यंत. वाटेत दिवस भरलेल्या बाईचं बाळंतपण आणि नंतरची काळजी. तान्ह्या मुलांना दूध. आणि तिथे येणाऱ्या अनाथ मुलांसाठी शिक्षक, जेवण, ठराविक दिवसांनी अंगाला तेल, लागेल तेव्हा औषध.

बालरोगतज्ज्ञाच्या डोळ्यांनी ही यादी वाचली की थांबायला होतं. अन्न, दूध, तेल, औषध, शिक्षण, आणि सगळं एकाच छपराखाली. आज आम्ही ज्याला बालविकासाचा सर्वांगीण विचार म्हणतो त्यात याहून फार वेगळं काय आहे? शिक्षक आणि वैद्य एकाच मुलाकडे लक्ष देताहेत, ही गोष्ट तर आज मोठ्या शहरातसुद्धा सहज जमत नाही.

सरफोजींना हे सुचलं त्याला त्यांचं स्वतःचं बालपण कारण असेल का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. तुळजाजी राजांनी त्यांना दत्तक घेतलं तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. राजे वारले, आणि या मुलाचे दिवस कोंडलेल्या अवस्थेत, शिक्षणावाचून गेले. श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला, मग त्यांना शिकायला मिळालं. पुढे याच माणसाने सरस्वती महाल हे ग्रंथालय ग्रंथांनी भरून टाकलं आणि देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढून मराठीत मुलांसाठी पुस्तकं छापली.

पण आमच्या कामाशी सगळ्यात जवळचं नातं आहे ते त्यांच्या धन्वंतरी महालाचं. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक जाणणारी माणसं एकत्र आणली होती. औषधं तिथेच बनत, रोग्यांवर वापरून पाहिली जात, आणि गुण आलेला योग लिहून ठेवला जाई. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी तर रंगीत चित्रांसकट सरस्वती महालात जपून ठेवल्या आहेत. कुठल्या डोळ्याला काय झालंय ते चित्रात आणि काय केलं ते मजकुरात. त्या काळच्या मानाने हा फार पुढचा केसपेपर आहे. अनुभवाला उतरलेले योग पुढे तमिळ पद्यात बांधले गेले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने त्यांचे खंड आहेत आणि त्यातला एक गर्भिणी आणि बालरोगांवरचा आहे. राजाची बोली मराठी, दरबारी लिहिणं मोडीत, पण लोकांच्या औषधाचं ज्ञान लोकांच्या भाषेत आणि पाठ व्हावं अशा छंदात. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आम्ही आजही सल्ला इंग्रजीत लिहितो आणि तो पाळला गेला नाही की आईला बोल लावतो.

आमच्या खोलीत म्हणून पहिला नियम भाषेचा. डॉक्टर एकमेकांशी जे बोलतील ते आईसमोर आणि तमिळमध्ये. सुरुवातीला हेच सगळ्यात जड गेलं. दुसऱ्या डॉक्टरसमोर, तेही रोग्याच्या देखत, ‘हे मला ठाऊक नाही’ म्हणायची सवय आम्हाला कॉलेजात कुणी लावलेली नसते. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणणार, पायाच्या पट्ट्या दिवसाचे बरेच तास बांधलेल्या हव्यात. फिजिओथेरपिस्ट म्हणणार, मूल जमिनीवर मोकळं लोळलं पाहिजे. भरवताना कसं धरायचं हे वाचातज्ज्ञ वेगळंच सांगणार. हे तिघे तीन गावांत बसले तर आई तिन्ही ऐकते आणि घरी जाऊन एकही करत नाही. ते एका चटईवर बसले की तास वाटून घेतले जातात: पट्ट्या झोपेत, लोळणं सकाळी अंघोळीनंतर, भरवणं असं मांडीवर टेकवून.

दुसरा नियम, एकच केसपेपर. एका मुलाची एकच वही, सगळे त्यातच लिहिणार. शेवटच्या पानावर त्या आठवड्याची कामं, आणि ती तीनच. तज्ज्ञ सात असले तरी कामं तीनच, कारण लावणीच्या दिवसांत पहाटे घराबाहेर पडणाऱ्या बाईला त्याहून जास्त जमत नाहीत. कोणती तीन यावर आमच्यात वाद होतात आणि तेच आमचं खरं वैद्यकीय काम आहे. तिसरी गोष्ट, प्रत्येक मुलामागे आमच्यापैकी एकाचं नाव. आईने फोन करायचा तो त्यालाच.

मघाच्या बाळाचंच सांगते. त्याला आरशासमोर पोटावर ठेवलं. मी त्रिवेंद्रमचा विकास तक्ता काढला. तिथल्या बालविकास केंद्राने बनवलेला हा तक्ता मला फार आवडतो, कारण अंगणवाडी सेविकेलाही तो वापरता येतो. मुलाच्या वयाच्या जागी पेन्सिलीने वरून खाली रेघ मारायची. रेघेच्या डावीकडे पूर्ण राहून गेलेली गोष्ट मुलाला येत नसेल तर पुढे तपासायचं. मूल दहा आठवडे आधी जन्मलेलं, म्हणून तेवढं वय वजा करून रेघ साडेसहा महिन्यांवर. नेत्रतज्ज्ञाने लाल लोकरीचा गोंडा डोळ्यांपुढून नेला, बाळाची नजर त्याच्यामागे गेली. डोळे ठीक होते. वाचातज्ज्ञ ताईंनी मागून घंटा वाजवली. गोंड्यामागे फिरणारी मान घंटेला हलली नाही. तिथे बसलेल्या सगळ्यांना एकाच क्षणी कळलं. कुणी कुणाला चिठ्ठी लिहायची गरज पडली नाही. त्याच आठवड्यात कानांची सविस्तर तपासणी झाली.

सरकारी यंत्रणेशी आमची स्पर्धा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्या पालघरमध्ये. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब, या चारही बाबतींत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्वरित उपचार केंद्र, जिथे हेच सगळे तज्ज्ञ एकत्र असावेत अशी कल्पना. कल्पना उत्तम आहे. तंजावर शहरात राजा मिरासुदार रुग्णालय आहे, मिरासदारांच्या देणगीतून उभं राहिलेलं, आता वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. प्रसूती आणि मुलांचं काम तिथे मोठं चालतं. आमची बरीच मुलं जन्मतात तिथेच आणि अवघड वाटलं की जातातही तिथेच. पण खेड्यातून शहरात एकदा जाणं निराळं आणि वर्षभर दर आठवड्याला जाणं निराळं. वाकडं पाऊल घेऊन जन्मलेल्या मुलाचं उदाहरण घ्या. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, साधारण पाच-सहा वेळा. मग बहुतेकदा टाचेमागच्या शिरेला छोटा छेद. नंतर दांडीला जोडलेले बूट, आधी तीन महिने जवळजवळ चोवीस तास, पुढे चार वर्षांचं होईपर्यंत रात्री. प्लास्टरने सरळ झालेलं पाऊल बूट सुटले की पुन्हा वळतं. शिबिरांवर माझा राग आहे तो यासाठी. मंडप, फलक, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी मैदान रिकामं. अशा मुलाला एका दिवसाचे पन्नास डॉक्टर नकोत, तोच एक डॉक्टर चार वर्षं हवा.

आमचं वेळापत्रक मेट्टूर धरणावर चालतं. पाणी वेळेवर असेल तर 12 जूनला धरणाचे दरवाजे उघडतात, काही दिवसांत पाणी आमच्या कालव्यांना येतं आणि कुरुवै भाताची लावणी सुरू होते. मग सकाळी कुणी आई येत नाही. त्या दिवसांत आम्ही दुपारी तीननंतर बसतो. तेव्हा मुलांबरोबर आज्या येतात आणि मला ते आवडतं, कारण घरात मुलाचं अंग चोळणारी, त्याला झोपवणारी आजीच. इकडे तान्ह्यांना उरै मरुंदु चाटवतात, म्हणजे आपली बाळगुटीच: सहाणेवर जायफळ, हिरडा, वेखंड यांचे वळसे. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काही नको, सहाणेवरून जंतुसंसर्ग होतो, हे मी सांगते ते आज्या ऐकून घेतात आणि घरी जाऊन चाटवतात. तेच आमचे सिद्धवैद्य सांगतात तेव्हा प्रश्न विचारतात. कुठलं मूळ, किती, कोणत्या वयात, मग काय द्यावं. बोलणं सुरू होतं. वैद्य शेजारी नसते तर या खोलीतला निम्मा संवाद झालाच नसता.

बालरोगांचा तो जुना खंड आम्ही दोघं आता मिळून वाचतोय. ते पद्य उलगडतात, मी आजच्या निदानाशी ताडून पाहते. कुठलं लक्षण कुठल्या आजाराचं, वनस्पती कोणती, मापं कोणती, इथे काम संथ होतं. त्यातले योग आज मुलांना द्यावेत असं मी म्हणत नाही. त्या काळी कोणती मुलं कशाने आजारी पडत होती आणि त्यांच्याकडे किती बारकाईने पाहिलं जात होतं, हे मला जाणून घ्यायचंय. त्यासाठी नुसती तमिळ पद्यं पुरत नाहीत. सरस्वती महालात छत्रांच्या कारभाराचे मोडी कागद आहेत. दूध, तेल, औषधं, वैद्यांचे पगार यांचा हिशेब असेल तर तो त्यांतच सापडेल. माझं मोडी कच्चं आहे आणि वैद्यांना मराठी येत नाही. महाराष्ट्रात मोडी वाचणारी मंडळी आता पुन्हा वाढताहेत. त्यांच्यापैकी कुणी महिनाभर इकडे यायला तयार असेल तर राहण्या-जेवणाची सोय आमच्या घरी होईल. फक्त लावणी आटोपल्यावर यावं, म्हणजे दवाखाना सकाळचा असतो आणि दुपार वाचनाला मोकळी मिळते.