मानमोडी

जुन्नरच्या दक्षिणेला मानमोडीचा डोंगर आहे, आणि कोंबड्यांच्या एका रोगालाही आपल्याकडे मानमोडीच म्हणतात. लहानपणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात डोंगराकडून वारा सुटला की तिथल्या लेण्यांतल्या पारव्यांबरोबर रोग खाली उतरतो, अशी आमची ठाम समजूत होती. रोग आला की कोंबडी मान पाठीवर टाकायची, एकाच जागी गोल फिरायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जायची. डोंगराचं नाव त्यावरूनच पडलं असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

तेव्हा दिवेलागणीला घरोघरी एकच हाक ऐकू यायची, “कोंबड्या डालल्या का गं?” आजी अंगणात उकिडवी बसायची, मूठभर कण्या टाकायची आणि जमलेली पिलं एकेक करून डालग्याखाली सारायची. मोजणं हे निमित्त. पिलू हातात आलं की तिची बोटं आधी गळ्याखालची पिशवी चाचपायची, मग पाय गार पडलेत का बघायची, मग शेपटाखालचं पीस चिकटलंय का ते. पांढरी हगवण असेल तर पिलू वेगळ्या टोपलीत, चुलीच्या उबेला. सगळे कण्यांवर तुटून पडत असताना एखादं पंख पाडून मागे उभं राहिलं, तर ती काही बोलायची नाही. त्या रात्री ती दोनदा उठायची, एवढंच.

आता नारायणगाव-मंचरच्या बाजूला शेतांमधून पत्र्याच्या लांबच लांब शेड दिसतात. कंपनी एका दिवसाची पिलं देते, खाद्य देते, औषध देते. शेतकरी शेड देतो, वीज देतो, झोप देतो. आत जायचं तर पाय जंतुनाशकात बुडवायचे, आणि पाहुण्याला तर दारातूनच परत. सकाळी शेडमध्ये फेरी मारून मेलेली पिलं बादलीत गोळा करायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात ‘मरतूक’ या रकान्यात आकडा लिहायचा. हे काम करणारा माझ्या नात्यातला मुलगा मन लावून करतो. त्याच्या पाच हजार पक्ष्यांत जेवढी मर होते, तिचं प्रमाण आजीच्या एकवीस कोंबड्यांत होणाऱ्या मरीच्या जवळपासही जात नाही.

हे मला लपवायचं नाही. आमच्या काळी मानमोडी आली की खुराडं रिकामं व्हायचं. लसूण ठेचून भरवायचा, हळद पाजायची, चोचीत कांद्याचा रस पिळायचा. विषाणूला यातलं काहीच लागू पडत नाही, हे आज कळतं. त्याहून वाईट म्हणजे आम्हीच रोग पसरवत होतो. एका घरी मान वाकडी दिसली की शेजारी धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या घाईनं बाजारात नेऊन विकायचे, आणि त्या दुसऱ्या गावात जाऊन मरायच्या. आजारी होत्या त्या कापून खायच्या. मेलेल्या ओढ्यात टाकायच्या, आणि ओढा खालच्या वाडीकडे जायचा. आजी माहेराला जाताना पिशवीत एक तलंग घेऊन गेली होती, प्रेमानं. महिन्याभरात तिच्या भावाचं अंगण ओस पडलं. कुणीच कुणाला दोष दिला नाही, कारण कुणालाच कारण माहीत नव्हतं.

या रोगाचं सरकारी नाव ‘राणीखेत’, कुमाऊँतल्या गावावरून पडलेलं. १९२६ साली तो इंग्लंडात न्यूकॅसलला आणि तिकडे जावा बेटावर नोंदला गेला, पाठोपाठ राणीखेतला. आज पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेत त्याची लस तयार होते. पिलू पाच-सात दिवसांचं झालं की डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, आणि दोनेक महिन्यांनी पंखाखाली टोचणी. इतकं सोपं. आजीच्या रात्रीत दोनदा उठण्यानं जे झालं नाही ते एका थेंबानं होतं.

पारव्यांची गोष्टही पुढे उलगडली. चुलतभावानं जुन्नरला गच्चीवर ढाबळ केली होती. बाहेरून चार नवी कबुतरं एकाच टोपलीत, एकाच वाटीतलं पाणी पाजत आणली, आणि पंधरवड्यात घरची कोवळी पिलं आजारली. पातळ हगवण, सारखी तहान, दाणा टिपायला गेलं की चोच भलतीकडेच, आणि मान अशी पिळलेली की डोळा आभाळाकडे. तो म्हणाला, “अरे, ही तर मानमोडी!” आम्हाला वाटलं, बोलण्याची रीत. पण ती खरोखर त्याच विषाणूची कबुतरांतली जात असते. १९८४ साली ब्रिटनमध्ये लिव्हरपूल बंदरातल्या धान्यात पारव्यांची विष्ठा मिसळली, त्या धान्याचं खाद्य कोंबड्यांना गेलं आणि फार्मांमागून फार्मांत रोग लागला. आमची डोंगराची समजूत भाबडी होती. पारव्यांवरचा संशय मात्र अगदीच वाया गेला नव्हता.

शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्या देशांत आज पिलांच्या आजाराचा बारकाईनं अभ्यास होतो. सर्कोव्हायरस पिलाची प्रतिकारशक्ती पोखरतो, मग पोटातले एरवी निमूट असणारे जिवाणू डोकं वर काढतात. आणि हे घडतं ते बहुधा वेगवेगळ्या ढाबळींतली कोवळी पिलं पहिल्यांदा एका टोपलीत कोंबली जातात तेव्हा. टोपली, गर्दी, एक वाटी. चुलतभावानं त्या अभ्यासाबद्दल वाचलं आणि बराच वेळ गप्प बसला. नवी आणलेली पाखरं महिनाभर वेगळी ठेवायची, एवढंच कुणी सांगायला हवं होतं.

२००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, आणि इतक्या लांब आमच्याकडेही लोकांनी कोंबडी खाणं सोडलं. पूर्वी मरण शेजारच्या अंगणातून यायचं, आता बातमीतून येतं.

गेल्या उन्हाळ्यात डिंभ्याच्या वरच्या अंगाला, पुतणीच्या सासरी गेलो होतो. लसीच्या एका कुपीत शंभर पक्ष्यांचे डोस असतात, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या बायकांनी ठरवून एकच संध्याकाळ धरली होती. बर्फ घातलेला थर्मास ओट्यावर, आणि टोपल्या घेऊन बायका अंगणात. थेंब टाकला की पिलानं पापणी मिटेपर्यंत त्याला सोडायचं नाही. पुतणीची मुलगी पिलं धरून देत होती, ओंजळीत, श्वास रोखून.

“पिशवी भरलीय का बघ याची,” मी म्हणालो.

“कसली पिशवी, आजोबा?”

मी तिचं बोट धरलं आणि पिलाच्या गळ्याखाली, जिथे कण्या खडखडतात तिथे, हलकेच टेकवलं.