पगाराचा रकाना

कॉलेजचा जमाखर्च वाचताना माझं मत कित्येक वर्षं ठाम होतं. पगारात पैसा फार गेला की कॉलेजची वाढ खुंटते, असं मी मानायचो. पगाराचा वाटा आटोपशीर आणि इमारत निधी भरघोस असला की ती संस्था मला नेटकी वाटायची. आपल्या नगर जिल्ह्यात कॉलेजं लोकांच्या पैशातून उभी राहिली, तो पैसा डोळ्यांना दिसला पाहिजे, ही त्यामागची भावना. १९६१ साली निघालेल्या संगमनेरच्या कॉलेजचं पूर्ण नावच बघा: संगमनेर नगरपालिका कला, दा. ज. मालपाणी वाणिज्य आणि ब. ना. सारडा विज्ञान महाविद्यालय. हातभार कोणाचा, ते नावातच आहे.

आज मी आधी पगाराचा रकाना बघतो, आणि तो लहान असला की मला काळजी वाटते.

अनुदानित कॉलेजात मंजूर जागेचा पगार सरकार देतं. प्राध्यापक निवृत्त होतो, भरतीला परवानगी मिळत नाही, आणि त्याच्या वर्गावर सीएचबीवाला, म्हणजे तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक जातो. सेट-नेट झालेला, बऱ्याचदा पीएचडीसुद्धा. मानधन शिकवलेल्या तासांपुरतं. मे महिन्यात काहीच नाही. कागदावर खर्च कमी दिसतो. मी ज्याला काटकसर म्हणत होतो, ती या माणसाच्या घरातून येत होती.

पुस्तकांवरचा खर्च घटला तर एवढं वाईट वाटत नाही. एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालय योजनेमुळे छोट्या कॉलेजलाही हजारो नियतकालिकं स्वस्तात वाचायला मिळतात. शिकवण्याला तशी सोय नाही. विल्यम बॉमोल या अर्थतज्ज्ञाने १९६०च्या दशकातच दाखवलं होतं की यंत्राने कारखान्यातलं काम झपाट्याने होतं, शिकवण्याचं तसं होत नाही, म्हणून शिक्षणाचा खर्च वाढतच जातो. हे पटल्यावर पगाराला उधळपट्टी म्हणणं मला जमेना.

इमारतीला देणगीदार मिळतो, कोनशिला बसते. दरमहाच्या खर्चाला कोण देणार? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी दिलं होतं. श्रीरामपूर, कोपरगावात कॉलेजं चालवणाऱ्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातली मुलं जेवावीत म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने मोडले.

प्रत्येक कॉलेजने वार्षिक अहवालात रिकाम्या जागा, तासिकांवर दिलेलं मानधन आणि बांधकामाचा खर्च एकाच पानावर शेजारी शेजारी छापावा, अशी माझी मागणी आहे.