सिंहमाशासाठी जागा

12 एप्रिल, शनिवार

क्रॉफर्ड मार्केटमध्ये आज सिंहमाशाचं पिल्लू पाहिलं. जेमतेम बोटभर, पण ऐट अशी की शेजारच्या टाकीतले सगळे रंगीत मासे फिके पडले. छातीचे पर पसरून काचेच्या कोपऱ्यात स्वस्थ तरंगत होतं. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा मॅडम, दोन फुटी टाकीत मजेत राहील." हाच मासा पुरता वाढला की फूटभर होतो, समुद्रात तर 38 सेंटिमीटरपर्यंत. वर परांचा घेर वेगळाच. दोन फुटीत त्याला धड वळताही यायचं नाही.

पैसे पर्समध्येच राहिले. गोड्या पाण्याच्या टाक्या पुष्कळ झाल्या, आता खाऱ्या पाण्याची करायची हे मात्र नक्की. आणि तीही शिकारी माशाची. गर्दी नको, एकच मासा असावा, पण तासभर बघत बसावं असा.

15 एप्रिल, मंगळवार

उमेदवारांच्या मुलाखती. हेकरू बाद: लहानपणी गोजिरवाणा, मोठेपणी आवरत नाही. त्यातला सगळ्यात अजस्र प्रकार तर 2001 पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो कोणी विकायला काढला तरी हात लावायचा नाही. ट्रिगर बाद, वायरी आणि पाइपसुद्धा चावतो. स्नोफ्लेक ईल मला फार आवडते. तिचे दात बोथट, खेकडे-कोळंबी फोडून खाणारे, स्वभाव त्या मानाने गरीब. पण झाकणात बोटभर फट राहिली तरी निसटते. ह्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे सकाळी ती हॉलमध्ये सापडणार?" बाद.

20 एप्रिल, रविवार

अण्णांना टाकीचं सांगितलं. सासरे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. लगेच पाठकोरा कागद आणि पेन्सिल आली.

माझ्या मनात चार बाय दोन बाय दोन फूट. म्हणजे 432 लिटर, आणि खारं पाणी गोड्यापेक्षा थोडं जडच. बारा मिलिमीटरच्या काचेचे 85 किलो. दगड, वाळू, लोखंडी स्टँड, खाली संपची टाकी. अण्णांनी बेरीज केली, "सातशे किलो धर. राहत्या घराच्या खोलीचा स्लॅब धरतात चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबाने. तुझ्या टाकीखाली येतात नऊशेच्या वर."

"मग स्लॅब कोसळेल?"

"कोसळणार नाही गं. बाकी खोली रिकामी असते, भार वाटला जातो. पण इमारत चाळीस वर्षांची. न्हाणीघराच्या छताला सळया दिसतायत, त्या तू पाहिल्या नसशील, मी पाहिल्यात."

मग हातोडीच्या दांड्याने हॉलच्या भिंती ठोकत फिरले. तुळई कुठून जाते, कॉलम कुठे आहे, सगळ्यावर खडूने खुणा. खिडकीजवळची माझी जागा रद्द. कॉलमलगत, तुळईच्या वर, भिंतीला समांतर एवढीच परवानगी. आणि वर सूचना: उंची कमी कर, पसारा वाढव.

गंमत म्हणजे माशालाही तेच हवं असतं. सिंहमासा खडकाच्या कपारीला धरून राहणारा, त्याला खोलीपेक्षा वावरायला तळ लागतो. आता तीन बाय दोन, उंची दीड फूट. साधारण 240 लिटर. सगळं धरून वजन चारशेच्या आसपास आलं. या मापात मोठा सिंहमासा बसत नाही, त्याचा धाकटा भाऊबंद बसतो: फझी ड्वार्फ, वाढून वाढून 17 सेंटिमीटरच्या आसपास. पर झालरीसारखे, रंग विटकरी. थोरल्याला विसरायला दोन दिवसही लागणार नाहीत, कारण खरं तर हाच जास्त देखणा आहे.

27 एप्रिल, रविवार

हॉलमध्ये दुपारी 33 अंश. माशाला हवं 25-26. परदेशी पुस्तकांत टाकीसाठी हीटर घ्या म्हणतात, इथे चिलर घ्यावा लागतो. तो पाणी गार करतो आणि ती गरमी हॉलमध्ये सोडतो, म्हणजे पंखा आणखी जोरात. विजेच्या बिलाचा विषय ह्यांनी काढला, मी बदलला.

पाणी समुद्रातून आणावं असं शेजाऱ्यांचं मत, "फुकट आहे की." मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी सांडपाण्यासकट फुकट आहे, आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. आरओचं पाणी आणि पाकिटातलं मीठ, लिटरला 35 ग्रॅमच्या हिशेबाने, घनता 1.025.

4 मे, रविवार

दुकानात मला बाजूला घेऊन जिवंत खडक दाखवला. प्रवाळाचे तुकडे, जांभळी शेवाळं चढलेले, सुंदर. प्रवाळ काढणं आणि विकणं हा आपल्याकडे गुन्हा आहे हे त्यालाही ठाऊक, म्हणून तर बाजूला घेतलं. मी कारखान्यात बनवलेले सच्छिद्र कोरडे दगड घेतले. त्यात जिवाणू वसायला वेळ लागतो, लागू दे.

7 मे, बुधवार

शिकारी माशाचं सगळं गणित त्याच्या विष्ठेचं असतं, हे कोणी आधी सांगत नाही. मांस खातो, घाण तशीच करतो, अमोनिया भराभर चढतो. म्हणून प्रोटीन स्किमर टाकीच्या मापाच्या दुप्पट क्षमतेचा घ्यायचा. बारीक बुडबुड्यांना चिकटून ती मळी फेसाबरोबर वरच्या कपात जमा होते. पैसे वाचवायचे तर दिव्यात वाचवावेत, सिंहमाशाला तसाही झगझगाट नको असतो.

दुकानात त्याला सोनमासे घालतात. गोड्या पाण्यातल्या त्या माशांत असं काही असतं की ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार नासतो, आणि चरबीही चुकीची. मासा वर्षभर टुमटुमीत दिसतो, मग एकदम जातो. म्हणून बाजारातल्या मावशींकडे करंदीची चौकशी केली.

"मांजर पाळलंस काय?"

"नाही मावशी, मासा पाळणार."

"मासा पाळणार, आन् त्याला मासं घालणार!" शेजारणीलाही सांगून झालं. पण वेगवेगळी द्यायची, करंदी, शिंपल्यांतलं मांस, माकूल, हे म्हटल्यावर म्हणाल्या, "माझ्या घरच्यांपेक्षा बरा जेवतो तुझा." आठवड्यातून दोन-तीनदाच पण.

त्याची शिकार पाहण्यासारखी असते. पर पसरून सावजाला कोपऱ्यात रेटतो, घाई अजिबात नाही. थोरल्या सिंहमाशांत तर एक युक्ती आढळली आहे: तोंडाने सावजावर पाण्याची बारीक फुंकर मारायची. ते गोंधळून तोंड वळवतं आणि डोक्याकडून आत जातं. पुढचं डोळ्याला दिसतच नाही.

9 मे, शुक्रवार

चिरंजीवांना काटे समजावले. थोरल्याच्या पाठीवर 13, पोटाकडे 2, गुदपराला 3, आणि विष सगळ्यांत. धाकट्याचेही विषारीच. टाकीत हात घालायचा नाही, जाळीने पकडायचा नाही, डब्यात घ्यायचा. लागलंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, तो भाग बुडवून ठेवायचा, कारण हे विष प्रथिनांचं, उष्णतेने निकामी होतं. आणि तडक दवाखाना. फ्रिजवर कागद लावला. झाकणाला कुलूप.

त्याने विचारलं, "कंटाळा आला तर समुद्रात सोडायचा?" मग फ्लोरिडा सांगावं लागलं. तिथे 1985 मध्ये पहिला सिंहमासा दिसला. तो त्या समुद्रातला नव्हेच, बहुधा कोणाच्या तरी टाकीतून सुटलेला किंवा सोडलेला. आता कॅरिबियनभर तो तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतोय.

18 मे, रविवार

टाकी आली. लिफ्टमध्ये मावली नाही, चौघांनी जिन्याने आणली. अण्णा पाणसळ घेऊन सज्ज. एका कोपऱ्याला रबराची पट्टी घातल्यावर बुडबुडा मधोमध आला, तेव्हा त्यांनी चहा मागितला.

1 जून, रविवार

खारं पाणी भरलं, पंप चालू. जुन्या मोज्यात एक सोललेली कोळंबी बांधून संपमध्ये सोडली. ती कुजेल, अमोनिया होईल, त्यावर जिवाणू वाढतील. वास येतोय. सांगितलं, आषाढ लागेपर्यंत सहन करा.

15 जून, रविवार

अमोनिया उतरला, नायट्राइट चढला, नळीतला रंग गडद जांभळा. रात्री पावसात वीज गेली. बॅटरीवरचा हवेचा पंप आपोआप सुरू झाला, ही खरेदी वसूल.

13 जुलै, रविवार

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 20. दुकानदाराचा फोन, "मॅडम, फझी आलाय, एकच पीस."

"खातो काय?"

"जिवंत मासे. झटक्यात."

"मेलेली करंदी चिमट्याने हलवून द्या. ती घेतली की फोन करा, मी येते."

"तोवर दुसरं कोणी नेईल."

"नेऊ दे."

ॲडव्हान्स मागत होता, दिला नाही. चिमटा मात्र त्याला आजच पोचवला, दीड फुटी, स्टीलचा.