पाळण्यातले पाय

इथे आयोवात फुटबॉलचा सीझन संपला की भरतीच्या गप्पा सुरू होतात. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेटवाला. पुण्याच्या मावशीसाठी खुलासा!) कुठल्या कॉलेजने शाळेतल्या कुठल्या पोराला स्कॉलरशिप देऊ केली, वगैरे. पळणाऱ्या-झेलणाऱ्या पोरांचं काय, व्हिडिओत दिसतंच की. मला कुतूहल आहे ते ऑफेन्सिव्ह लाइनचं. क्वार्टरबॅकपुढे भिंत करून उभे राहणारे पाच धिप्पाड गडी. मधला सोडला तर कोणी बॉलला हातही लावत नाही आणि नाव पुकारलं जातं ते बहुधा फाउल केल्यावरच.

गंमत अशी की सतराव्या वर्षी हा गडी अजून तयारच झालेला नसतो. कॉलेजात लागतो १३५-१४० किलोचा माणूस आणि समोर उभं असतं १०५ किलोचं पोरगं. त्यातून छोट्या गावच्या शाळेत ते आपल्याहून निम्म्या पोरांना उडवत असतं, त्या व्हिडिओवरून कळणार काय? म्हणून कोच जातात त्याची कुस्ती नाहीतर बास्केटबॉल बघायला. कंबरेत न वाकता गुडघ्यात बसतो का, ढकलाढकलीत पाय जमिनीवर भराभर पडतात का, हात किती लांब आहेत... घरी गेले की आईबापांची उंचीही बघून घेतात. कोल्हापूरचे वस्ताद नवीन पोराला असंच न्याहाळत असणार. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, इथे ते शब्दशः खरं!

आयोवा विद्यापीठाचा यात हातखंडा. १९९९ पासून मुख्य कोच असलेले कर्क फेरेंट्झ मुळात लाइनचेच कोच. रॉबर्ट गॅलरी त्यांच्याकडे आला टाइट एंड म्हणून आणि २००४ च्या ड्राफ्टमध्ये टॅकल म्हणून दुसरा निवडला गेला. ब्रँडन शर्फ तर शाळेत काही काळ क्वार्टरबॅक होता. २०१५ मध्ये तो पाचवा. पण त्यांना खाऊपिऊ घालून दोन-तीन वर्षं वाट बघितली गेली. २०२१ पासून एका वर्षाची सक्तीची बैठक न भोगता कॉलेज बदलता येतं, त्यामुळे दुसरीकडे तयार झालेला बावीस वर्षांचा गडी थेट आणता येतो. मग कच्च्या पोरासाठी कोण थांबणार?

हे सगळं आठवायचं कारण शेजारचा मुलगा. साडेसहा फूट, अंगावर मांस नाही. एका लहान कॉलेजची अर्धी स्कॉलरशिप हातात आहे. मोठं कॉलेज म्हणतंय, ये, पण फी तूर्त तुझी तूच भर, पुढचं पुढे बघू. त्याचे पाय चांगले आहेत, मी कुस्तीत पाहिलेत. पण कर्ज घरच्यांना काढावं लागेल आणि गुडघा कधी दगा देईल सांगता येत नाही. त्याच्या आईने विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, अर्धी घ्या. पोरगा समोरच जेवत होता. काही बोलला नाही, आणखी चार अंडी वाढून घेतली.