अण्णांची येझदी आणि दोन जोड

अण्णांची येझदी अखेर जळगावला आली. आली ती मात्र जखमी होऊन... आणि त्याला जबाबदार अस्मादिक!

ही १९८२ ची रोडकिंग. अण्णा गेल्यावर चार वर्षं धुळ्याला दादाच्या घरी ताडपत्रीखाली उभी होती. घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं कमी झालेलं, त्यामुळे गाडी मागायचीही चोरी. या दिवाळीत त्यानेच किल्ली हातात दिली. "घेऊन जा. पण नीट ने," एवढंच म्हणाला. पारोळा, एरंडोल करत नव्वदेक किलोमीटर टेम्पोतून सुखरूप आणली आणि आमच्याच दारात फळीवरून उतरवताना हात सुटला. डाव्या अंगावर पडली.

येझदीवाल्यांना माहीत असेल, हिची किक आणि गिअर हा एकच दांडा. आत दाबून मागे फिरवला की किक, नाहीतर गिअर. तोच दांडा आत घुसला आणि क्लचच्या कव्हरला वीतभर तडा गेला. तेल फरशीवर. मनात पहिला विचार आला, दादाला काय सांगू? दुसरा, कशाला सांगू!

नवीन कव्हर शोधलं. म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव परत आलं, पण त्या गाड्या फोर स्ट्रोक, त्यांचं काही हिला लागत नाही. मग घरीच एपॉक्सी लावून पाहिलं. इंजिन तापलं की पुन्हा थेंब थेंब... तेल मुरलेल्या धातूला काही धरत नाही, ही अक्कल नंतर आली.

शेवटी मिस्तरीने एमआयडीसीतल्या आर्गन वेल्डिंगवाल्या काकांकडे पाठवलं. पाइप आणि चटईच्या कारखान्यांचे तुटके भाग जोडणं हे त्यांचं रोजचं काम. ते म्हणाले, अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय वितळायला दोन हजारांच्या वर लागतात. शिवाय लोखंडासारखं ते लाल होऊन सांगत नाही, एकदम खाली बसतं! म्हणून आधी पेट्रोलने धुतलं, तापवून मुरलेलं तेल काढलं. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं. पुन्हा गरम करताना साबणाची रेघ ओढली. ती काळी पडली तशी ज्योत बाजूला घेतली.

पण त्याच्याआधी, आतली बाजू घासताना, काका थांबले. "भाऊ, हाई पहिले बी तुटेल शे."

खरंच, आत एक जुना ओबडधोबड जोड होता. बाहेरून घासून अगदी बेमालूम केलेला.

संध्याकाळी धीर करून फोन लावला. "दादा, गाडी पाडली मी."

बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "डाव्या बाजूचं कव्हर ना?"

बारावीत असताना, १९८९ ला, यानेही पारोळ्याजवळ पाडली होती. अण्णा गावाला गेलेले. ते यायच्या आत धुळ्यात गुपचूप जोडून, रंगवून बसवलं होतं.

"अण्णांना कळलं नाही?"

"क्लचप्लेटा ते घरीच बदलायचे रे. कव्हर किती वेळा खोललं असेल त्यांनी..."

मग दोघंही काही बोललो नाही. पण फोनही कुणी ठेवला नाही.

वेल्डिंगने कव्हर किंचित वाकलं होतं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून काकांनी ते घासून सपाट केलं, मी नवीन पॅकिंग घातलं. बाहेरचा जोड बफ करून देऊ का, दिसणार नाही, असं काकांनी विचारलं. मी नको म्हटलं.

दादा आणि वहिनी रविवारी येताहेत. घराचं काय ते बोलावं लागेलच. त्याआधी गाडी चालू करायची आहे. पहिली किक मीच मारणार, असं त्याने बजावून ठेवलंय.