इनामगाव आणि खिशातला कॅमेरा

१/ घोड नदीच्या वाळूने माझा जुना कॅमेरा निकामी केला. त्या दिवशी छायाचित्र घेता येईना, म्हणून इनामगावचे एक खापर मी खिशात घातले.

२/ येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या कुंभांत पुरलेली बालके आढळली. ‘जमिनीखाली’ ही नोंद नसती, तर उरली असती केवळ मडकी.

३/ माझे खापर नेमके कुठे पडले होते, हे आज मलाही सांगता येत नाही.

४/ शिष्यवृत्तीच्या शिलकीतून वापरलेला, एक इंची सेन्सरचा छोटा कॅमेरा घेतला. झूमपेक्षा जवळून टिपण्याची क्षमता पाहिली. जोर्वे खापराच्या लाल अंगावरील काळी रेघ स्पष्ट उमटायला हवी. शेजारी मोजपट्टी ठेवतो. खापर जागीच राहते; खिशात आता कॅमेरा असतो.